धाकट्या भावासाठी चढ्या दराने गेमिंग कन्सोल घ्यावा का?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला असून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. धाकट्या भावाला धुळ्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तर गेमिंग कन्सोल घेऊन देईन, असा शब्द मी दिला होता. त्याला प्रवेश मिळाला आणि त्याने निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच 2 मागितला. सुरतेला राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या ओळखीचा एक व्यापारी तो द्यायला तयार आहे. कन्सोलचे तो 52,000 रुपये सांगतो आणि त्यासोबत एक गेम, मेमरी कार्ड व कव्हर असा 12,000 रुपयांचा संच घ्यावाच लागेल म्हणतो. माल कमी आहे, आठ दिवसांत भाव वाढेल, असे सांगून त्याने 5,000 रुपये बयाणाही घेतला आहे. बिल मिळणार नाही. आबांनी घरात ठेवलेला थोडा कापूस विकून हातभार लावतो म्हटले आहे. मावसभाऊ म्हणतो, दोन कन्सोल घे, एक आणखी चढ्या भावाने विक, म्हणजे तुझा जवळजवळ फुकटात पडेल. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात भावाला दिलेला शब्द पाळण्याची जी तळमळ आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच आधी स्पष्ट उत्तर देतो : या दराने आणि या अटींवर हा कन्सोल घेऊ नका. विकण्यासाठी दुसरा तर मुळीच घेऊ नका. आबांना कापूस विकू देऊ नका. भाव मिळेल या आशेवर ज्यांनी महिनोन्महिने घरात कापूस सांभाळला, त्यांना तो एका व्यापाऱ्याच्या आठ दिवसांच्या मुदतीसाठी काढायला लावणे मला योग्य वाटत नाही.

आता किमतीकडे पाहू. स्विच 2 हा कन्सोल 5 जून 2025 रोजी बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत 449.99 डॉलर होती आणि मारिओ कार्ट वर्ल्ड या गेमसह तो 499.99 डॉलरला मिळत होता. एका डॉलरला त्या वेळचे सुमारे 86 रुपये धरले, तर नुसता कन्सोल सुमारे 38,700 रुपयांचा आणि गेमसह सुमारे 43,000 रुपयांचा होतो. तुमच्याकडे मागितले जात आहेत 64,000. मधल्या 21,000 रुपयांत मेमरी कार्ड व कव्हर आहे, वाहतूक आहे, भरलेले असेल तर सीमाशुल्क आहे, आणि व्यापाऱ्याचा रास्त नफाही आहे, हे मी मान्य करतो. परंतु सीमाशुल्क आणि कर खरोखरच भरलेले असतील, तर ते दाखवणारे बिल द्यायला कोणाचीच हरकत असू नये. बिल देता येत नाही, याचा अर्थ या फरकातला कोणता भाग कशाचा आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

‘माल कमी आहे’ हे म्हणणे पूर्ण खोटे नाही, पण ते कुठले आणि केव्हाचे, हे विचारले पाहिजे. टंचाई प्रामुख्याने जपानमध्ये होती. तिथे कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून कन्सोल घेण्यासाठी सोडत काढावी लागली आणि तिच्यासाठी 22 लाख लोकांनी अर्ज केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी एप्रिल 2025 मध्ये जाहीर केले. चढ्या भावाने विकणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी अर्जदाराने जुन्या स्विचवर किमान 50 तास खेळलेले असावे आणि कंपनीच्या ऑनलाइन सेवेचे एकूण वर्षभर तरी सदस्यत्व घेतलेले असावे, अशी अटही घातली होती. त्यानंतर उत्पादन थांबले नाही, उलट वाढले. पहिल्या चार दिवसांत जगभरात 35 लाखांहून अधिक कन्सोल विकले गेले आणि सप्टेंबर 2025 अखेर हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. आपल्याकडे मात्र निन्टेन्डोच्या कन्सोलची अधिकृत विक्रीच होत नाही. त्यामुळे सुरतेच्या त्या दुकानातली टंचाई म्हणजे त्या व्यापाऱ्याने किती नग आणले आणि त्यांतले किती समोर ठेवले, एवढीच असू शकते.

अशा घाईत पैसे मोजणाऱ्यांचे पुढे काय होते, हे आपल्याच देशात घडून गेले आहे. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 रुपयांना आला. त्याची आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली आणि पुढचे कित्येक महिने दर खेपेला तसेच होत राहिले. चिपचा जागतिक तुटवडा, टाळेबंदी आणि विस्कळीत झालेली वाहतूक ही त्याची खरी कारणे होती, पण त्यांच्या आडून अनेकांनी नग उचलून छापील किमतीपेक्षा हजारो रुपये जास्त घेऊन विकले. जानेवारी 2023 मध्ये सोनीने जगभरातला पुरवठा सुरळीत होत असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात 7,500 रुपयांची सवलत जाहीर झाली. मधल्या काळात 54,990 झालेली किंमत त्या सवलतीत 47,490 वर आली, म्हणजे पहिल्या दिवसाच्या किमतीपेक्षाही कमी. 2021 मध्ये ज्याने काळ्या बाजारात जास्तीचे पैसे मोजले, त्याने ते केवळ काही काळ आधी खेळता यावे यासाठी मोजले होते.

निन्टेन्डोच्याच बाबतीत सांगायचे, तर नोव्हेंबर 2016 मध्ये आलेला एनईएस क्लासिक हा 59.99 डॉलरचा छोटा कन्सोल दुकानांतून तत्काळ संपला आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकला जाऊ लागला. एप्रिल 2017 मध्ये कंपनीने तो बंद केल्यावर तर आता तो कधीच मिळणार नाही, असे सांगून विकणाऱ्यांचे फावले. जून 2018 मध्ये कंपनीने तोच कन्सोल त्याच किमतीला पुन्हा बाजारात आणला.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहात, म्हणून तुम्हाला यातला एक फरक लगेच समजेल. आपल्या खान्देशात कापसाच्या लागवडीच्या तोंडावर ठरावीक वाणाची पाकिटे अचानक दिसेनाशी होतात आणि मग तीच पाकिटे ओळखीने, छापील किमतीपेक्षा चढ्या दराने मिळू लागतात. 2024 मध्ये बीटी कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारी दर 864 रुपये होता, पण त्या दराने हवे ते वाण मिळेलच याची खात्री कोणाला होती? तिथे शेतकरी जास्तीचे पैसे देतो तेव्हा मी त्याला दोष देऊ शकत नाही, कारण लागवडीची वेळ टळली तर सगळा हंगाम हातचा जातो. कन्सोलला अशी कोणतीही वेळ नाही. तो जून महिन्यात मिळाला काय आणि दिवाळीनंतर मिळाला काय, त्यावरचा खेळ तोच राहतो, आणि बहुतेक वेळा मधल्या काळात गेमची संख्या वाढलेली, सुरुवातीचे दोष दुरुस्त झालेले आणि कधी कधी किंमतही उतरलेली असते. व्यापारी तुम्हाला ‘आठ दिवस’ सांगतो, तेव्हा जिथे हंगामच नाही तिथे तो हंगाम उभा करत असतो.

त्याने गळ्यात मारलेला संच हा तर खतांच्या दुकानातल्या लिंकिंगचा, म्हणजे हव्या असलेल्या खतासोबत नको तो माल घ्यायला लावण्याचाच प्रकार आहे, आणि त्यातल्या मेमरी कार्डाकडे जरा बारकाईने पाहा. स्विच 2 मध्ये गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस या नव्या प्रकारचेच कार्ड लागते. मोबाइलमध्ये किंवा जुन्या स्विचमध्ये चालणारे साधे मायक्रोएसडी कार्ड त्यात बसते, पण त्यावर गेम ठेवता येत नाहीत. त्यातले जुने फोटो आणि व्हिडिओ तेवढे कन्सोलवर घेता येतात. दोन्ही कार्डे आकाराने अगदी सारखी असतात आणि दोघांच्या किमतींत बरेच अंतर असते. कार्डावर ‘एक्स्प्रेस’ असा उल्लेख नसेल, तर तुमच्या भावासाठी त्याचा उपयोग शून्य आहे. शिवाय कन्सोलमध्ये 256 जीबी जागा मुळातच असते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत वेगळ्या कार्डाची गरज पडण्याची शक्यता कमी. संचातला गेमही नीट पाहावा. स्विच 2 च्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, केवळ त्याची किल्ली असते आणि पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. वसतिगृहातल्या तुटपुंज्या वाय-फायवर हे किती जिकिरीचे होईल, हे तुमचा भाऊच सांगू शकेल.

याहून मोठा धोका कन्सोलच्या आवृत्तीचा आहे, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. जपानमध्ये हा कन्सोल दोन प्रकारांत विकला जातो. एक फक्त जपानी भाषेत चालणारा, ज्याची किंमत बाजारात आला तेव्हा 49,980 येन म्हणजे आपल्याकडचे सुमारे 30,000 रुपये होती, आणि दुसरा अनेक भाषांचा, ज्याची किंमत 69,980 येन होती. स्वस्त आवृत्तीत सगळी मांडणी जपानी भाषेत येते, ती बदलता येत नाही, आणि तिला जपान हाच देश निवडलेले निन्टेन्डोचे खाते जोडावे लागते. म्हणजे ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याला 30,000 चा नग 52,000 ला देणे अवघड नाही. खोके सीलबंद असते, सील तोडले की माल परत नाही असे सांगितले जाते, आणि घरी येऊन चालू केल्यावर पहिल्याच पडद्यावर जपानी अक्षरे दिसतात. तुमचा व्यापारी असे करीलच असे मी म्हणत नाही. परंतु बिल न देणाऱ्या माणसाला नंतर जाब विचारण्यासाठी तुमच्या हातात काहीही उरत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

बिलाचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. अधिकृतपणे आयात केलेल्या कोणत्याही बंद वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किरकोळ विक्री किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असावी लागते. वैधमापन कायद्याखालील 2011 च्या नियमांनुसार त्या छापील किमतीपेक्षा जास्त दराने ती विकता येत नाही, आणि हे बंधन केवळ दुकानदारापुरते मर्यादित नाही. उद्या तुम्ही जळगावच्या एखाद्या दुकानात प्लेस्टेशन घ्यायला गेलात, तर खोके उलटे करून ती पट्टी वाचा. दुकानदार त्याहून जास्त मागत असेल किंवा सोबत नको असलेला गेम घेण्याची सक्ती करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. बाहेरून गुपचूप आणलेल्या खोक्यावर अशी पट्टीच नसते, त्यामुळे बोट ठेवायला छापील किंमतही नसते आणि बिघाड झाला तर भारतात वॉरंटीही मिळत नाही. जॉयस्टिक आपोआप एका बाजूला सरकू लागणे ही स्विचच्या पहिल्या पिढीची जगभर गाजलेली तक्रार होती. तसे काही उद्भवले, तर सुरतेला खेपा घालण्यावाचून तुम्हाला मार्ग राहणार नाही.

मावसभावाच्या सूचनेबद्दल मी जरा कठोर लिहितो, त्याचा राग मानू नका. त्याने ती तुमच्या भल्यासाठी केली असेल. पण हिशेब करून पाहा. दुसऱ्या कन्सोलसाठी आणखी 64,000 रुपये अडकतील, म्हणजे एकूण 1,28,000. तुमचा कन्सोल ‘फुकटात’ पडायचा, तर दुसरा नग त्या पूर्ण रकमेला विकावा लागेल. अर्धा खर्च निघावा म्हटले तरी 96,000 देणारा माणूस शोधावा लागेल. असा गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाव पडला, तर तोटा सर्वस्वी तुमचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणाऱ्याला ‘ग्राहक’ मानलेले नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या नगात दोष निघाला, तर ग्राहक आयोगाचे दारही तुमच्यासाठी बंद होते. आणि हे सगळे जमून आलेच, तर काय झाले असेल? तुमच्यासारखाच एखादा दादा, कदाचित पारोळ्याचा किंवा शहाद्याचा, आपल्या घरच्यांकडून पैसे गोळा करून तुमच्याकडे आला असेल, आणि आज तुम्हाला जे सोसावे लागते आहे ते त्याला तुमच्यामुळे सोसावे लागेल. ज्यांना खेळायचे नाही असे लोक माल उचलतात म्हणूनच ज्यांना खेळायचे आहे त्यांना तो मिळत नाही. त्या साखळीत आणखी एक कडी होऊ नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देणे नेहमीच चूक असते, असे मात्र माझे म्हणणे नाही. उत्पादन कायमचे बंद झालेला एखादा जुना कन्सोल किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गेमची कॅसेट कोणी जपून ठेवली असेल आणि एखाद्या संग्राहकाला ती मनापासून हवी असेल, तर दोघांनी मिळून ठरवलेली किंमत ही त्यांची आपसातली बाब आहे. तिथे जपणाऱ्याने खरोखर काही जपलेले असते. स्विच 2 अजून कारखान्यात रोज तयार होतो आहे.

आता भावाशी बोला, आणि आकडे त्याच्यापुढे ठेवून बोला. अभियांत्रिकीला जाणारा मुलगा आहे, त्याला हा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. त्याला कोणते गेम खेळायचे आहेत हे आधी विचारा, कारण बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. मारिओ कार्ट वर्ल्ड किंवा डाँकी काँग बनान्झा हवे असतील, तर ते स्विच 2 वरच चालतात आणि थांबण्याला पर्याय नाही. झेल्डा मालिकेतले अलीकडचे मोठे गेम किंवा मारिओ कार्ट 8 डिलक्स हवे असतील, तर 2017 पासूनचा पहिला स्विच पुरेसा आहे आणि तो वापरलेला, चांगल्या स्थितीत, पुष्कळ कमी पैशांत मिळू शकतो. पुढे स्विच 2 घेतला तरी जुने बहुतेक गेम त्यावर चालतात, म्हणजे गेमवर घातलेले पैसे वाया जात नाहीत. मित्रांसोबत फुटबॉलचे किंवा मारधाडीचे गेम खेळायचे असतील, तर भारतात बिलासह, वॉरंटीसह आणि छापील किमतीला मिळणारा प्लेस्टेशन 5 हा अधिक शहाणपणाचा पर्याय ठरेल, आणि सणासुदीच्या सवलतीत तो तुमच्याकडे मागितलेल्या 64,000 पेक्षा स्वस्त पडतो का, तेही पाहा. परदेशातून कोणी खात्रीचा नातेवाईक येणार असेल, तर सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम आधी पाहून, दुकानाचे बिल सोबत आणायला सांगून, त्याच्याकडून मूळ किमतीत मागवता येईल. मधल्या काळात दरमहा ठरावीक रक्कम भावाच्या नावाने बाजूला टाका आणि ती त्याला दाखवत जा. शब्द पाळला जातो आहे हे त्याला दिसले पाहिजे.

यातले काहीच जमले नाही आणि सुरतेहूनच घ्यायचे ठरले, तर काही गोष्टींवर अडून बसा. संच नको, फक्त कन्सोल द्या, असे सांगा. स्वतः सुरतेला जा, अमळनेरहून थेट गाडी आहे. खोके समोर उघडून कन्सोल चालू करा, भाषा इंग्रजी निवडता येते का ते पाहा, खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक ताडून पाहा. मोबाइलचे इंटरनेट जोडून भावाचे खाते त्यात उघडा आणि निन्टेन्डोचे ऑनलाइन दुकान सुरू होते का ते तपासा. चोरीचे गेम चालवल्याबद्दल कंपनीने ऑनलाइन सेवांतून कायमचे बाद केलेले कन्सोल वापरलेल्या मालाच्या बाजारात फिरत असतात, बाहेरून ते नव्यासारखे दिसतात आणि हा दोष इंटरनेट जोडल्याशिवाय कळत नाही. हे सगळे झाल्यावरच उरलेले पैसे द्या, आणि व्यापाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम व अनुक्रमांक लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

राहिला प्रश्न बयाण्याचा. 5,000 रुपये अडकले आहेत म्हणून उरलेले 59,000 देऊन टाकावेत, असे मनात येणे स्वाभाविक आहे, पण ते होऊ देऊ नका. व्यापाऱ्याला फोन न करता लेखी संदेश पाठवा : आपण बिल देणार नाही असे सांगितल्यामुळे मी सौदा रद्द करत आहे, माझे 5,000 रुपये ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर परत करावेत. मावसभावालाही त्याची प्रत पाठवा, कारण ओळख त्याची आहे आणि पैसे परत मिळवण्यात त्याचा शब्द तुमच्यापेक्षा अधिक कामाला येईल. आतापर्यंतचे सगळे संदेश, किमतीचा उल्लेख असलेला मजकूर आणि पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे परत आले नाहीत, तर आधी 1915 वर नोंद करा. तरीही दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. व्यापारी सुरतेचा असला तरी 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावलाच, तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मात्र उद्या त्याचा फोनच बंद लागला आणि दुकानाचा पत्ताही खोटा निघाला, तर ती उघड फसवणूक समजून, एकही दिवस न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.